आमच्या वर्गात सगळ्यांच्या चित्रात नारळाचं झाड काहून येते?

धानपट्टा_गुरुजी
नमस्कार मंडळी. मी नागभीडकडे एका लहान गावात जि.प. शाळेवर आहे, आम्ही दोन शिक्षक आणि चार वर्ग, माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून २२ लेकरं. दिवाळीनंतर सांगितलं की आपलं गाव काढा. १९ जणांनी एकच चित्र काढलं, दोन डोंगर, मधातून सूर्य, खाली नदी, झोपडी अन् बाजूला नारळाचं झाड. आमच्या गावात नारळ देवळात फुटते तेवढाच, झाड कोणी पाहिलं नाही. डोंगरही नाही. मामा तलाव (मालगुजारांच्या काळचा जुना तलाव) आहे, मोहाची झाडं आहेत, धानाच्या बांध्या आहेत, त्यातलं काहीच कागदावर नाही. एकाला विचारलं नारळ काहून, तर म्हणे "सर, चित्रात असतेच ना." मला हे फार लागलं. कारण निबंधातही तेच होते, ज्याच्या घरी दोन गाई बांधल्या आहेत तोही गाईडातलीच गाय लिहिते.

मग दर शनिवारी तलावाच्या पाळीवर नेणं सुरू केलं. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, कोळसा, गेरू, चुना. फळ्यावर मी काहीच काढून दाखवत नाही. एक मुलगी आहे, वाचताना अडते, वर्गात तोंड उघडत नाही. तिनं रोवणी, म्हणजे धानाची लावणी, काढली. बाया मागून दिसतात, वाकलेल्या, पाय चिखलात म्हणून पावलं काढलीच नाहीत. किती बाया विचारलं तर म्हणे "अकरा, माय धरून." मग पऱ्हा, पेंडी, चिखलणी असे रोवणीतले शब्द एकेक सांगत गेली, ते शब्द मी तिच्याच चित्राखाली लिहिले आणि ते ती न अडता वाचते.

आता अडचण अशी की पालक म्हणतात चित्र काढून पोट भरते का, आणि वरूनही विचारणा झाली की पोर्शन मागे आहे. मला हे सोडायचं नाही. काय सांगू त्यांना?

वर्धेची_ताई
सर, सोडू नका. हे नवीन खूळ आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना वर्ध्याची आठवण द्या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवायचं मांडलं आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला, तीच नयी तालीम. त्यात सूतकताई अन् शेतीवर भर होता, पण १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि लेकरांच्या चित्रांकडे गांभीर्यानं पाहिलं गेलं. आजही सेवाग्रामात नयी तालीमवाल्यांची शाळा चालते, जमलं तर पालकांपैकी दोघा-तिघांना घेऊन या, आपण सांगण्यापेक्षा त्यांनी पाहिलेलं बरं.

एकच सांगते, चित्र दुरुस्त करू नका. मी हायस्कूलला चित्रकला शिकवली, पोरं ग्रेड परीक्षेला बसायची ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी, आणि मीही त्यांच्याकडून एकच फुलदाणी घोटून घेतली. खूप पोरांचा हात मी बांधून टाकला असं आता वाटते.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
गुर्जी, राग मानू नका पण बापाच्या बाजूनं बोलतो. माझं पोट्टं पाचवीत आहे, नवोदयच्या, त्या सरकारी निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेले बसून राह्यलं. ८० प्रश्न, १०० मार्क, दोन घंटे. कापसाचा भाव आमच्या हातात नाही, पोट्ट्याचा नंबर लागला तर त्याचं शिक्षण तरी मार्गी लागते, म्हणून मायबापाचा जीव पोर्शनमंधी अडकते. आम्हाले चित्राशी वैर नाही जी. पण त्या पेपरात ४० प्रश्न आकृत्यायचे आहेत, आरशातली आकृती, अर्धी आकृती पूर्ण करा असे. हे पालकायले सांगा, लगेच पटन.

धानपट्टा_गुरुजी
भाऊ, राग कशाचा, तुमचं म्हणणं खरंच आहे आणि नवोदयचं मी सांगीन. पण तेवढ्यासाठीच चित्र काढायचं ठरलं तर उद्या आकृत्यांचंही गाईड येईल आणि त्या मुलीच्या अकरा बाया पुन्हा कागदावरून जातील. मला ती भीती आहे.

वडसा_रंगमंच
सर मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, नाटकं करतो, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर जागणारा माणूस, शाळेत मात्र मी ढ होतो. कविता पाठ होत नव्हती आणि दंडारीची, म्हणजे आपल्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याची, अख्खी गाणी यायची, कोणत्याच गुरुजींनी विचारलं नाही की हे कसं काय. तुम्ही चित्रासोबत दंडार घ्या. गावातल्या जुन्या माणसाला ढोलकी घेऊन वर्गात बोलवा आणि लेकरांनाच गोष्ट बांधू द्या. आमच्या गावात पोरांनी रोवणीच्या दिवसांत शाळेत पोरं कमी का असतात यावर बांधली होती, एका पोरीनं सरपंचासमोर सवाल टाकला की बहिणीला सांभाळायला मी घरी थांबते तर गैरहजेरी माझी काहून? तिथं सगळे गप्प झाले. एरवी वर्गात प्रश्न गुरुजी विचारतात आणि उत्तर पुस्तकात असते, इथं प्रश्न पोरीचा होता.

वर्धेची_ताई
एक राहिलं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्काच्या, २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांना अंशकालीन कलाशिक्षक लिहिला आहे, पण पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. म्हणजे आपल्या लहान गावांच्या वाट्याला तो येतच नाही. सर, तुम्हालाच करावं लागेल.

धानपट्टा_गुरुजी
सगळ्यांचे आभार. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी व्हरांड्यात तार बांधून सगळी चित्रं लावली, भाषण केलं नाही. त्या मुलीची आई आली, चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली, मग शेवटच्या बाईवर बोट ठेवून म्हणाली "हे मी, पण माझं लुगडं हिरवं होतं." पोरीनं तिथंच निंबाचा पाला चोळून लावला. पोट भरते का विचारणारे पालकही आले होते, एक जण म्हणे माझ्या पोराच्या चित्रात माझा बैल लंगडा दाखवला, आहेच तो लंगडा, यानं केव्हा पाहिलं.

दंडार उन्हाळ्याआधी बसवतो. वडसावाले दादा, ढोलकीवाल्याचं तुम्हाला विचारीन. आणि आता पळस फुलतो आहे, फुलं उकळून केशरी रंग होते हे माहीत आहे पण कागदावर फिका पडते. त्यात डिंक किती टाकावा, कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, शनिवारी पाहिजे.