झुरिकमध्ये जर्मन का कळेना?

प्रश्न: मी म्युनिकमध्ये शिकतो आणि जर्मन बऱ्यापैकी बोलतो, तरीही सुट्टीत झुरिकला गेलो असता फलक सहज वाचता आले, पण बेकरीतल्या बाईंनी काय विचारले ते अजिबात कळले नाही. असे का व्हावे?

उत्तर १: तिथे लेखनाची भाषा प्रमाण जर्मन असली, तरी घरी, दुकानात आणि अगदी कचेरीतही स्विस जर्मन बोलीच चालते, आणि तिला गावंढळ मानण्याची आपल्यासारखी खोड तिथे नाही. प्रमाण जर्मनमध्ये बोलण्याची विनंती करावी; शाळेत ती सर्वांनी शिकलेली असते.

उत्तर २: रेल्वेतील घोषणा मात्र प्रमाण जर्मनमध्येच असतात, त्यामुळे प्रवास अडत नाही.

उत्तर ३: जिनिव्हाला गेलात तर हा उपायही चालणार नाही, कारण तिथे फ्रेंचच लागते.