जुनं घर, जाड भिंती आणि १०० मिमी फोम

नवी_वीट : जुन्या घराची उष्णता राखणं अजिबात अवघड नाही. आतून १०० मिमी पीआयआर फोम (उष्णता अडवणारा कडक फोमचा बोर्ड), त्यावर बाष्प अडवायला प्लास्टिकचा कागद, मग जिप्सम बोर्ड. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग. लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या. विषय संपला. ‘भिंतीला श्वास घेऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी बिल भरून दाखवावं.

चुनकाम : हे वाचून गप्प बसवत नाही, कारण याच क्रमाने लोक घरं कुजवतात.

पोकळी नसलेल्या भरीव भिंतीत पाऊस थोडाफार मुरतोच आणि चुन्याच्या दर्जांमधून (विटांमधल्या सांध्यांमधून) परत सुकतो. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात. पाणी त्यातून आत शिरतं, पण सुकायची वाट बंद झालेली असते. आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर घालवते, म्हणजे पैसे ज्यासाठी घातले तेच बिघडलं.

आता आतली बाजू. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, १२ अंश. फोम लावला की मूळ भिंतीला खोलीची ऊब मिळत नाही आणि थंडीत तिचा आतला पृष्ठभाग १२ च्या खाली उतरतो. स्विचबोर्डच्या भोकातून, तुळईच्या कडेने जी हवा फोममागे जाते, तिचं तिथेच पाणी होतं. पहिला बळी भिंतीत रोवलेल्या तुळयांच्या टोकांचा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला मोकळं रान.

आणि १०० मिमीचा हट्ट का? ९ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (उष्णता किती गळते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) २.१ धरा. ४० मिमी वूड-फायबर (लाकडाच्या तंतूंच्या) बोर्डाने ती ०.६८ वर येते, १०० मिमीने ०.३४ वर. पहिल्या ४० मिमीने दोन तृतीयांश गळती थांबली. पुढच्या ६० मिमीने सहावा हिस्सा. भिंत मात्र आणखी थंड पडली.

नवी_वीट : प्लास्टिकचे जोड नीट टेप केले तर हवा मागे जातच नाही. सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा म्हणाल, तर तो वाळतो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तोवर माणसांनी राहायचं कुठे?

दवबिंदू : टेप कितीही चांगली मारा, नंतर कोणीतरी चित्र टांगायला खिळा ठोकणारच. शिवाय दमट उन्हाळ्यात एसी लावलेल्या खोलीत बाष्प बाहेरून आत ढकललं जातं. तेव्हा तोच प्लास्टिकचा कागद थंड पडतो आणि त्याच्या मागच्या बाजूला पाणी साचतं. दोन्ही ऋतूंना चालेल अशी जागा त्या कागदाला नाही.

तावदान : भिंतींचं तुम्ही बघा. ‘लाकडी खिडक्या काढून’ हे इतक्या सहज लिहिलंय, त्यावर बोलायचंय.

जुन्या खिडकीतून बरीचशी ऊब फटीतून जाते. झडपेच्या कडेला खाच मारून ब्रशची पट्टी बसवा. त्याआधी रंगाचे साचलेले थर खरवडा, नाहीतर पट्टी बसवल्यावर झडप मिटत नाही. खालची आडवी पट्टी कुजली असेल तर तेवढाच भाग तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्या. मग आतल्या बाजूला दुसरी काच, मधलं अंतर १६ ते २० मिमी. आतली काच घट्ट सीलबंद, बाहेरची झडप किंचित सैल. उलटं केलंत तर खोलीतलं बाष्प मधे अडकतं आणि रोज सकाळी बाहेरच्या काचेवर दव.

आकडेमोड : ब्रशने काचेतून जाणारी उष्णता थांबत नाही. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७, लो-ई लेप (उष्णता परत फेकणारा अतिशय पातळ थर) आणि मधे आर्गॉन वायू भरलेल्या दुहेरी काचेची १.२ च्या आसपास. हा फरक भावनेने भरून निघत नाही.

तावदान : भावना कुठे आली यात? १.२ हा काचेच्या मधोमधचा आकडा. चौकट आणि काचेची कड धरून अख्ख्या खिडकीचा आकडा सांगा, मग बोलू. ४ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १० किलो, दुहेरीचं २०. जुन्या बिजागऱ्यांवर झडप लोंबते. जवसाच्या तेलाची लांबी (काच बसवायची पुटी) दुहेरी काचेच्या कडेचं सील खाते. सील गेलं की आत धुकं, आणि मग अख्खं युनिट फेकायचं.

आकडेमोड : मग लांबी वापरू नका, लाकडी पट्टी आणि चालणारं सीलंट वापरा. हे काय अशक्य आहे? लो-ई काच तुमच्या त्या आतल्या चौकटीतही बसते. निदान तेवढं तरी लिहायचं होतंत.

तावदान : आतल्या चौकटीत लो-ई, हे मान्य. लेप मधल्या पोकळीकडे ठेवायचा. मूळ झडपा काढायच्या, हे मान्य नाही.

पोटमाळा : खिडक्यांवरून भांडण पेटलंय आणि छपराचं नावच नाही. सगळ्यात स्वस्त काम तिथे आहे. पोटमाळ्याच्या जमिनीतल्या वाशांच्या मधे १०० मिमी मिनरल वूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची गादी), त्यावर आडवा १७० मिमी. वळचणीपाशी ५० मिमी फट मोकळी ठेवा. वूल तिथे कोंबलं की छपराच्या लाकडांना बुरशी. छतात बसवलेले दिवे आणि वायरी वूलखाली गाडू नका, तापतात. माळ्याच्या दाराच्या कडेला रबरी पट्टी लावा, कारण वर जाणारी दमट हवा तिथूनच जाते.

नवी_वीट : बाहेरच्या सिमेंटचं म्हणणं मागे घेतो. तुळयांच्या टोकांचं उत्तर माझ्याकडे नाही, तेही खरं. पण आतून काहीच लावायचं नाही, हे मला पटणार नाही.

चुनकाम : लावू नका असं कोणी म्हटलंय? ४० मिमी लावा, पण मागे पोकळी ठेवू नका. आधी पन्हळी आणि फुटक्या दर्जा दुरुस्त करून भिंत कोरडी होऊ द्या. मग १० मिमी चुन्याचा समतल थर, तो वाळला की बोर्डाच्या अख्ख्या पाठीवर चुन्याचं अ‍ॅडहेसिव्ह. ठिपके देऊन चिकटवलं की मागे हवा खेळते आणि सगळं पाण्यात जातं. खिडकीच्या बगलांना २० मिमी बोर्ड वळवा, नाहीतर तिथेच काळी बुरशी धरेल.

दवबिंदू : आणि फटी बुजवण्याआधी न्हाणीघर आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा. घरात उघड्या ज्योतीचा हीटर किंवा शेगडी असेल तर तिला लागणारी हवेची जाळी कधीही बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडी जमिनीखालच्या जाळ्याही उघड्याच राहू द्या.

आकडेमोड : पंख्यामुळे ज्योतीचा धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो, तेही लिहा. पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून, दारं-खिडक्या लावून धूर उलटा येत नाही ना हे तपासल्याशिवाय शेगडी रोजच्या वापरात घ्यायची नाही.