शाळेच्या फळ्यावर डोनटचा दिवस आणि प्रसिद्ध माणसांचे वाढदिवस लिहावेत का?

मूळ मत : प्राथमिक शिक्षिका, फोंडा

आमच्या मराठी प्राथमिक शाळेत परिपाठाच्या वेळी फळ्यावर सुविचाराखाली दिनविशेष लिहिण्याची प्रथा आहे आणि गेली काही वर्षे हे काम माझ्याकडे आहे. जयंत्या, पुण्यतिथ्या, लढाया आणि तह असा नेहमीचा मजकूर मुले वाचतही नाहीत, हे ध्यानात आल्यावर मी त्यात ऐकताना चमत्कारिक वाटणारे दिवस आणि नामवंतांचे वाढदिवस लिहू लागले. गेल्या जूनच्या पहिल्या शुक्रवारी 'आज अमेरिकेत डोनट दिन' असे लिहिले, तेव्हा एका पालकांनी मुलाच्या वहीतून विचारणा केली की, खाण्याच्या पदार्थाचा दिवस शिकून मुलांच्या पदरात काय पडणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून माझे उत्तर येथे मांडते आणि आपणा सर्वांचे मत मागते.

डोनट दिन १९३८ साली शिकागो शहरात साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेने सुरू केला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या सैनिकांना या संस्थेच्या स्त्रिया आघाडीजवळ डोनट तळून देत असत. त्यांच्या कामाचा मान राखावा आणि मंदीत पिचलेल्या लोकांसाठी चार पैसे जमवावेत, असा त्यामागचा हेतू होता. एवढे सांगितल्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारले, "लढाई चालू असताना तेल आणि पीठ तिथे कोण पोचवत होते?" महायुद्धाचा धडा शिकवताना असा प्रश्न माझ्या वर्गात यापूर्वी कोणीही विचारलेला नव्हता.

शिवाय चमत्कारिक दिवस आपल्याकडे नाहीत असे थोडेच आहे? २४ जूनला भर पावसात डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारणाऱ्या माणसांकडे परका मनुष्य डोळे विस्फारूनच पाहील. मात्र गोव्यातला हा सांजांव सण मुळात एक वाढदिवस आहे. ख्रिस्ती परंपरेत संतांचे सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा हा सण त्याच्या जन्माचा आहे, आणि तो नाताळच्या सहा महिने आधी येतो, कारण बायबलातील कथेप्रमाणे मरियेला दिवस गेले तेव्हा योहानाच्या आईला सहावा महिना लागलेला होता. मरिया भेटीला आली तेव्हा आईच्या पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली, त्या उडीची आठवण म्हणून ही विहिरीतली उडी, असे आपल्याकडे सांगितले जाते. सांजांव खेळणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असते? माझ्या वर्गातल्या एकालाही नव्हती.

वाढदिवसांबद्दलही माझे म्हणणे असेच आहे. १३ जुलैला गायिका केसरबाई केरकरांचा जन्मदिवस येतो आणि दोनच दिवसांनी, १५ जुलैला, मोगूबाई कुर्डीकरांचा. एक १८९२ साली आपल्याच तालुक्यातल्या केरी गावात जन्मली, दुसरी १९०४ साली कुर्डीत. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली, तर मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि आता उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच त्याचे अवशेष दिसतात. एकीचा आवाज सूर्यमालेबाहेर पोचला आणि दुसरीचे घर तळ्याच्या तळाशी आहे, हे मुलांना सांगण्यासाठी मला जुलै महिन्यातले ते तीन दिवस पुरेसे होतात.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, डिचोली

बाई, आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु आपण दिलेली उदाहरणेच आपल्या मताविरुद्ध साक्ष देतात. सांजांव, केसरबाई, मोगूबाई ही आपल्या मातीतली समृद्ध उदाहरणे आहेत आणि त्यांच्यासाठी डोनटचा आधार घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आहे तो कोणीतरी जाहीर केला म्हणून दिवस ठरतो या पद्धतीला.

हे दिवस येतात कुठून, ते पाहावे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात चेस नावाच्या दोन भावांनी १९५७ साली अशा दिवसांची एक वार्षिक सूची काढण्यास प्रारंभ केला. आपल्या दिवसाची नोंद तिच्यात व्हावी म्हणून कोणीही अर्ज पाठवू शकतो. एखाद्या पदार्थाच्या विक्रेत्यांनी आपल्या मालाचा दिवस ठरवावा आणि वर्तमानपत्रांनी तो फुकट छापावा, हा व्यवहार तेव्हापासून वाढतच गेला आहे. दिवाड बेटावरचा बोंदेरा हा आपला सण कसा उभा राहिला, याच्याशी त्याची तुलना करावी. दोन वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत, म्हणून हद्दीवर बावटे लावण्याची रीत आली. ते बावटे प्रतिपक्षाने पाडायचे, यावरून पुन्हा भांडणे झाली. आज त्या भांडणाचा खेळ झाला आहे आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मुले बांबूच्या फोटाशातून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, हिरव्या फळांचा मारा करतात. हा दिवस कोणी अर्ज करून मिळवलेला नाही.

फळ्यावर जागा चार ओळींची असते. १६ जानेवारीला गोव्याच्या विलीनीकरणावरील १९६७ च्या जनमत कौलाबद्दल आणि १८ जूनला राममनोहर लोहियांच्या मडगावच्या १९४६ च्या सभेबद्दल मुलांना दोन वाक्ये सांगता येत नसतील, तर डोनट थांबू शकतो.

आणखी एक गोष्ट ग्रंथपाल म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. अशा माहितीत चुका फार असतात आणि त्या चुका आकर्षक असल्यामुळेच टिकतात. २३ एप्रिलच्या पुस्तक दिनाला शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस हे दोघे १६१६ साली 'एकाच दिवशी' वारले, असे दर वर्षी लिहिले जाते. युनेस्कोने १९९५ साली हा दिवस निवडला तेव्हाही या योगायोगाचे अप्रूप होतेच. प्रत्यक्षात स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगरियन पंचांग होते आणि इंग्लंड जुन्या जुलियन पंचांगावरच चालत होते. दोहोंमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. त्यातही सर्व्हांतेस २२ तारखेला वारला आणि २३ ही त्याच्या दफनाची नोंद आहे. शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचा मानतात, परंतु कागदोपत्री आहे तो २६ एप्रिल १५६४ चा त्याचा बाप्तिस्मा. लहान वयात मनात बसलेली चूक नंतर काढणे किती अवघड असते, हे बाई, आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

उत्तर : गणिताचा शिक्षक, म्हापसा

ग्रंथपाल महोदयांनी दाखवलेली चूक वाचताना मला वाटले की, वर्गात शिकवावे ते नेमके हेच. दोन देशांत तारीख एक आणि दिवस वेगळा, हे सातवीच्या मुलांना समजावले की पंचांग हे माणसाने बसवलेले गणित आहे, हे त्यांना एकदाच आणि कायमचे कळते. योगायोग खोटा निघाला म्हणून तो टाकून द्यायचा की खोटा कसा निघाला ते दाखवायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर दुसरे आहे.

माझ्या विषयाचा 'पाय दिन', म्हणजे वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर π याचा दिवस, घ्यावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातील भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ साली १४ मार्चला तो प्रथम साजरा केला, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि ३/१४ या तारखेत ३.१४ दिसते. त्याच दिवशी आइन्स्टाइनचा जन्मदिवस येतो. आपण मात्र दिवस आधी लिहितो, त्यामुळे आपल्याला हा दिवस २२ जुलैला, २२/७ या अपूर्णांकात सापडतो. मी मुलांना विचारतो की दोहोंपैकी खरा पाय कोणाच्या अधिक जवळ? ती भागाकार करतात आणि २२/७ अधिक जवळ असल्याचे त्यांनाच आढळते; ३.१४ मध्ये सुमारे ०.००१६ ची चूक राहते, २२/७ मध्ये सुमारे ०.००१३ ची. त्यानंतर आर्यभटाचा ६२८३२ भागिले २०००० हा गुणोत्तराचा आकडा दिला की वर्गात कोणी जागेवर बसत नाही. एका गमतीच्या दिवसाने मला हे दार उघडून दिले.

वाढदिवसांचेही तेच. वर्गात केवळ २३ मुले असली तरी कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते, आणि ४० मुलांत ती जवळजवळ ८९ टक्के होते. कोणालाही हे प्रथम पटत नाही. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे साल चाराने भाग जात असूनही लीप वर्ष नव्हते, म्हणून त्यांच्या जन्माची तारीख प्रथम उजाडली ती ते आठ वर्षांचे झाल्यावर, १९०४ मध्ये. शतकवर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष, हा नियम माझ्या मुलांनी पाठ केलेला नाही, तो त्यांना मोरारजींमुळे आठवतो.

कोणीही दिवस जाहीर करतो, या आक्षेपाबद्दल एकच सांगतो. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून साजरा होतो. घरचिमण्या कमी होत चालल्या आहेत हे एका माणसाला बोचले, म्हणून त्याने दिवस मागितला. तो कोणी मागितला आणि कशासाठी, हे पाहून आपण निवड करू शकतो.

उत्तर : पालक, उसगाव

माझा विरोध नटनट्यांच्या वाढदिवसांना आहे. ते मुलांना मोबाइलवरून कळतातच, शाळेने त्यात भर घालू नये.

माझे माहेर चंदगड तालुक्यातले. तिकडे माझ्या वडिलांच्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे. त्या दिवशी सगळे जन्मले असे नव्हे. घरी तारखेची नोंद नसे, जूनमध्ये शाळा सुरू होई आणि नाव घालताना गुरुजी वय जुळवून १ जून लिहून टाकत. फळ्यावर १ जूनला नर्गिस यांचा वाढदिवस येईल, मेरिलिन मन्रोचाही येईल. ज्यांना स्वतःची तारीखच मिळाली नाही, त्यांच्याबद्दल तिथे कधी काही लिहिलेले मी पाहिलेले नाही, आणि ते मला लागते.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, डिचोली

गणिताच्या सरांचा मुद्दा मी मान्य करतो, परंतु अर्धाच. पाय दिन समजावून सांगणारा शिक्षक वर्गात असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेक फळ्यांवर केवळ नाव लिहिले जाते आणि कारण लिहिलेच जात नाही. २ सप्टेंबरचा नारळ दिन पाहा. नारळ पिकवणाऱ्या आशियाई आणि प्रशांत महासागरी देशांची संघटना १९६९ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून तो दिवस. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असताना जकार्तात मुख्यालय असलेल्या संघटनेचा स्थापना दिन गोव्यातल्या मुलाने का लक्षात ठेवावा? त्याला सांगायचेच असेल तर हे सांगावे की, २०१६ मध्ये कायद्यातील दुरुस्तीमुळे माड 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला होता आणि नंतर तोच माड राज्यवृक्ष ठरला. आपला माड झाड आहे की नाही, यावर गोव्यात वाद झाला, याहून चमत्कारिक दिनविशेष कोणता असेल?

उसगावच्या ताईंचे म्हणणे मात्र मी दोनदा वाचले. चाळीस वर्षे चरित्रकोश हाताळताना जन्मतारीख नसलेल्या माणसांचा विचार माझ्या मनात आला नाही.

उत्तर : प्राथमिक शिक्षिका, फोंडा

ग्रंथपाल सर, कारण लिहिल्याशिवाय दिवस लिहायचा नाही, हा नियम मी आजपासून स्वीकारते. तारीख ताडून पाहण्याचे कामही मुलांकडे देईन. पण डोनट सोडणार नाही. आपण सांगितलेली माडाची गोष्ट उत्तम आहे आणि ती २ सप्टेंबरलाच सांगता येईल, कारण त्या दिवशी मुले नारळाबद्दल ऐकायला तयार असतात. निमित्त जकार्ताचे असले म्हणून माड परका होत नाही. नटनट्यांबद्दल माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. एखाद्या मुलीला नर्गिसचे नाव ऐकूनच १ जूनची चौकशी करावीशी वाटली, तर मला ते हवे आहे.

उसगावच्या ताई, आपल्या वडिलांना त्यांचा खरा वाढदिवस कोणी सांगितला होता का, एवढे विचाराल?

उत्तर : पालक, उसगाव

वडिलांशी फोनवर बोलले. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. त्यांची आई मात्र सांगत असे की बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला असताना ते जन्मले. आमच्याकडे बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला असतो, म्हणजे त्यांचा जन्म ज्येष्ठ वद्य प्रतिपदेचा. दर वर्षी ती तिथी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे फळ्यावर कोणत्या तारखेखाली लिहायचे हे त्यांना विचारले. बेंदराखाली लिहा, असे ते म्हणाले.