नुसत्या पाठीचेच फोटो येतात! सोलापुरात स्ट्रीट फोटोग्राफी शिकायची कशी?

नवशिक्या सोलापूरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या बोनसमधनं सेकंडहँड कॅमेरा घेतला, सोबत येते त्या साध्या १८-५५ किट लेन्सवाला. आपल्याकडं डोंगर-धबधबे कुठनं आणायचे, म्हणून ठरवलं रस्त्यावरचे फोटो काढायचे. चार रविवार झाले, नवी पेठ, मधला मारुती, मंडई, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं असं सगळं फिरून झालं. घरी येऊन कार्ड लावलं तर साडेतीनशे फोटोत तीनशे नुसत्या पाठी. पाठ, पिशवी, पाठ, स्कूटर, कुत्रं, परत पाठ. समोरनं माणूस आला की माझा हात वरच येत नाही आणि तो पुढं निघून गेला की मग कुठनं हिंमत येते काय माहीत.

त्यात गेल्या रविवारी मंडईत एका भाजीवाल्या मावशीचा फोटो लांबनं ५५ वर झूम करून काढला तर शेजारचा माणूस उठलाच, "फोटो कशाला काढूलालास बे, पेपरवाला हाईस का?" चार लोकं बघायला लागली. मी सॉरी म्हणलं, फोटो डिलीट करून दाखवला आणि तिथनं सटकलो, तेव्हापासनं कॅमेरा बॅगेतच आहे.

तर भीती कशी घालवायची? दुसरं म्हणजे फोकस होईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो, सेटिंग काय ठेवायचं? मोठी झूम लेन्स घेतली तर लांबनं गुपचूप काढता येतील का? आणि असं कुणाचाही फोटो काढणं कायद्यात बसतं का? जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) आहे, तोवर जरा हात बसावा एवढीच इच्छा.

विजापूर वेस

मालक, पहिलं म्हणजे झूम लेन्सचे पैसे वाचवा. तुम्हाला ओरडा बसला तो फोटो काढला म्हणून नाही, लपून काढला म्हणून. लांबनं लेन्स रोखून उभा राहिलेला माणूस कुणालाही संशयास्पदच वाटणार, मलाही वाटतो. तोच माणूस दोन मीटरवर, कॅमेरा गळ्यात, सगळ्यांना दिसेल असा उभा असला तर लोक पाच मिनिटं बघतात आणि मग कंटाळून आपापल्या कामाला लागतात.

फोकसचं सोपं आहे. लेन्स १८ वर ठेवा, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) करा, दोन मीटरवरच्या खांबावर नाहीतर दुकानाच्या पाटीवर ऑटोफोकस करून घ्या आणि मग लेन्सचा स्विच मॅन्युअलवर टाकून विसरून जा. तुमच्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मग साधारण एक मीटरपासनं पार लांबपर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं, फोकसला थांबायचंच नाही, नुसतं बटण दाबायचं. किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतात आणि रिंग हाताला लागून हलते, म्हणून मी वायरमनची काळी टेप लावतो. टेप आणलीच आहे तर कॅमेऱ्यावरचं कंपनीचं पांढरं नाव पण झाकून टाका. कार्टिअर-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर आपल्या लायका कॅमेऱ्याचे चमकणारे भाग काळ्या टेपनं झाकायचा, तेव्हा लाजायचं काही कारण नाही. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो.

आता मुख्य गोष्ट. फिरू नका. तुम्ही चार रविवारात अख्खं सोलापूर फिरलात म्हणूनच पाठी आल्या, कारण चालत्या माणसाला सगळं ओलांडून गेल्यावरच दिसतं. एक जागा धरा, जिथं उजेड चांगला पडतो अशी, आणि तिथंच उभं राहा, माणसं आपणहून फ्रेममध्ये चालत येतात. थंडीच्या दिवसात संध्याकाळी साडेचार-पाचला ऊन तिरपं येतं, जुन्या पेठांतल्या अरुंद बोळात ते एकाच बाजूच्या भिंतीवर पडतं आणि दुसरी बाजू काळीकुट्ट. त्या उन्हाच्या पट्ट्यात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस स्टेजवर आल्यासारखा दिसतो. एक्सपोजर (फोटोत उजेड किती घ्यायचा ते) उन्हाचं धरायचं, म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, मागचं काळं जाऊ दे बिनधास्त. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते उजेड न बघता माणूस बघितल्यामुळं.

मंडईत अजून एक घोळ आहे, ताडपत्रीचा. निळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे, पिवळीखाली कावीळ झाल्यासारखे, घरी कितीही रंग ओढाताण केली तरी नीट होत नाही. ताडपत्री जिथं संपते त्या कडेला बसलेली विक्रेती शोधा.

कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण बाईचा खाजगी क्षण नकळत टिपणं गुन्हा आहे, आधी भादंविचं ३५४ क होतं ते आता न्याय संहितेत कलम ७७ झालं. तलावाच्या कडेला कुणी आंघोळ करत असेल तर तिकडं कॅमेरा वळवायचाच नाही. देवळाच्या आत, स्टेशनवर बोर्ड बघून, विचारून. लहान पोरांचे काढले तर आईबाप समोर असताना.

कडक भाकरी

वरचं सगळं बरोबर पण गड्ड्याआधी हात बसायची वाट कशाला बघायची म्हणतो मी, उलट भीती घालवायला गड्डाच बेस्ट. माझी तिथंच गेली. होम मैदानावर पाळण्याखाली उभा राहिलो, एवढी गर्दी, एवढा आवाज, कुणाला कुणाकडं बघायला वेळ नाही. पहिल्या दिवशी दोनशे फोटो काढले, त्यातला एक चांगला आला आणि तो पण भज्याच्या कढईचा 😄

विजापूर वेस

भाकरी, भीती जाईल हे खरं, पण फोटो सगळ्यांसारखेच येतील. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघाली की शंभर कॅमेरे एकाच कोपऱ्यात आणि सातही काठ्या सगळ्यांच्याच फोटोत त्याच अँगलनं. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला, सम्मती कट्ट्याजवळ तर कोपर हलवायला जागा नसते. मी म्हणेन गल्लीत जावं, बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून कुणीतरी पोराचं नाक पुसत असतो, कुणी दारात पायाला तेल चोळत बसलेला असतो, ते काढावं. आणि बाराबंदीवरनं आठवलं, फ्रेम सगळी पांढऱ्या कपड्यांनी भरली की कॅमेरा गंडतो, पांढऱ्याला राखाडी करून चेहरे काळे पाडतो, तिथं मी वर सांगितलेलं उलटं करा, अधिक अर्धा ते एक. सांगायचं राहिलं असतं.

अशोक चौक

मी फोटोग्राफर नाही, या धाग्यावर चुकून आले, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही पद्मशाली, तेलुगू बोलणारे विणकर, शहराच्या पूर्व भागात राहतो. वडील पॉवरलूमवर होते, आई अजून विड्या वळते. दुपारी आमच्या बोळात सगळ्या बायका दारात सूप मांडीवर घेऊन बसतात, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हात चालू आणि तोंड पण चालू. रविवारी बाहेरगावचे ग्रुप येतात कॅमेरे घेऊन. दहा-बारा जण. एकजण सांगतो "इथं उजेड मस्त आहे" आणि सगळे आईच्या समोर उकिडवे बसतात. कुणी नाव विचारत नाही. एकदा एकानं तिला "हसू नका" म्हणलं. म्हणजे बाई मैत्रिणीच्या गोष्टीवर हसत होती ते याला चालेना, त्याला दुःखी पाहिजे होती. नंतर तो फोटो माझ्या भावाला इन्स्टावर दिसला, ब्लॅक अँड व्हाईट करून, खाली लिहिलेलं "संघर्ष". आईला दाखवला तर ती म्हणाली, माझी साडी हिरवी होती की.

फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. आईला खरं तर फोटो काढून घ्यायला आवडतं. तिचा राग एवढाच आहे की इतक्या वर्षात कितीजण आले आणि गेले, घरात एक फोटो आला नाही. आमच्या भिंतीवर तिचा शेवटचा फोटो रेशनकार्डाच्या वेळचा आहे.

आमच्याकडं आलात तर तेलुगूत एवढं विचारा, "अक्का, फोटो तीस्कोना?" निम्म्या नाही म्हणतील, निम्म्या हसतील. नाही म्हणलं की नाही.

विजापूर वेस

ताई, "हसू नका" वाचून लाज वाटली, आमच्याच जातकुळीतला माणूस तो. हे विडीवाल्या बायकांचं ब्लॅक अँड व्हाईट एक फॅडच झालंय. सोलापूरचा पूर्व भाग रंगाचा आहे खरं तर, वाळत घातलेलं सूत, टॉवेलचे गठ्ठे, दारांचे रंग. भारतात रंगीत फोटो काढावेत तर रघुवीर सिंगांनी, १९४२ ते १९९९, हाताशी ब्लॅक अँड व्हाईट असताना माणूस रंगाला चिकटून राहिला. शेवटी शेवटी तर अॅम्बेसेडर गाडीच्या दारा-खिडक्यांचीच चौकट करून त्यांनी रस्ता टिपला, मी तीच नक्कल आपल्या रिक्षातनं करून बघतो, मागच्या सीटवर बसून. जमत नाही, पण मजा येते.

एक मुद्दा मात्र मांडतो, वाद म्हणून नाही. आधी विचारलं की माणूस पासपोर्ट फोटोसारखा ताठ होतो. मग तो त्या क्षणाचा फोटो राहत नाही. म्हणून मी आधी काढतो, लगेच नजर मिळवून मान हलवतो, स्क्रीन दाखवतो. नको म्हणाले तर समोर डिलीट. पण रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला फोटो नेऊन देणं शक्य नाही, हे पण खरंय की नाही?

अशोक चौक

रस्त्यानं जाणाऱ्याचं कोण म्हणतंय काका. दारात बसलेल्या बाईचं म्हणते मी. ती उद्या पण तिथंच बसणार आहे, तुम्हाला पत्ता शोधायचा नाही.

मोबाईलवालीच

मी फक्त मोबाईलवर काढते. बायकांना एक फायदा असतो, आमच्यावर कुणी ओरडत नाही, तोटा हा की संध्याकाळी सातनंतर आम्हीच घाबरतो. पार्क चौपाटीवर रात्री काढत असाल तर एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, मी आधी मोबाईल बिघडला म्हणून दुकानात घेऊन गेले होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० केलं की जातात. बाकी नवशिक्यांना एकच सांगेन, त्याच संध्याकाळी फोटो बघू नका. गॅरी विनोग्रँड म्हणून न्यूयॉर्कचा स्ट्रीट फोटोग्राफर होता, तो रोल वर्ष-दोन वर्ष मुद्दाम धुवायचाच नाही, काढतानाची भावना विसरावी म्हणून. १९८४ मध्ये गेला तेव्हा जवळजवळ अडीच हजार रोल डेव्हलप न करताच पडून होते! एवढं नको, पण आठवडा थांबा. ज्या फोटोसाठी जीव धोक्यात घालून रस्ता ओलांडला तो आठ दिवसांनी अगदीच टुकार निघतो.

नवशिक्या सोलापूरकर

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय, रिपोर्ट द्यायचा म्हणून मुद्दाम.

विजापूर वेस काकांचं ऐकून कोंतम चौकातल्या एका चहाच्या गाड्याजवळ रोज पाच ते सहा उभा राहिलो. पहिले दोन दिवस नुसता चहा प्यायलो, ॲसिडिटी झाली. तिसऱ्या दिवशी चहावाल्यानंच विचारलं, काढ की बे कायतरी, नुसता गळ्यात घालून काय करूलालास. मग सुरुवात झाली. टेपची आयडिया भारी आहे, फोकसचं टेन्शनच गेलं. सायकलवर चादरींचा गठ्ठा बांधून एकजण उन्हाच्या पट्ट्यात आला, मागनं पोरगं गठ्ठा धरून पळत होतं, समोरनं काढला! चेहऱ्यांसकट! फक्त मी मागं सरकलो त्या नादात फोटो तिरका आलाय आणि पोराचा एक पाय कापला गेलाय. तरी रोज उघडून बघतो, आठवडा थांबणं काही जमलं नाही.

मग धीर करून मंडईत त्याच मावशीकडं गेलो. म्हणलं मावशी, त्या दिवशीचा मी, सॉरी. तर म्हणते, "डिलीट केलास तो चांगला आला होता का?" मी गप्पच. मग शेजारी बसूनच काढला, जवळनं, वजनकाट्यावर मेथी टाकताना. चार बाय सहाची प्रिंट काढून दिली. तिचं मत, मेथी चांगली आलीय, मी काळी आलेय, परत काढ. आणि तो ओरडलेला माणूस म्हणजे तिचा दीर निघाला, त्याला आता स्कूटरवर बसून पाहिजे फोटो.

अडचण अशी झालीय की आता मी दिसलो की अख्खी लाईन ताठ उभी राहते, केस बिस नीट करून. पाठी गेल्या पण अटेन्शन आलं. याचं काय करायचं?

विजापूर वेस

काढून द्या की सगळ्यांचे ताठ उभे. त्यांना तेच हवेत आणि ते त्यांच्या घरी जाणार आहेत. प्रिंट वाटताना कॅमेरा चालू ठेवा, स्वतःचा फोटो बघताना माणूस ताठ राहत नाही. मी मंगळवारी सकाळी साडेसहाला मंडईत आहे, माल उतरतो तेव्हा.

अशोक चौक

आमच्या बोळात आलात तर आईचा रंगीतच काढा. हिरवी साडी अजून आहे.