कवट्या मोजून वंशवाद हरतो का?

धागाकर्ती: १९२७ च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनला पीएच.डी.ला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. त्यांचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक जास्त असतो आणि तीच त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण. बाईंनी कवट्या एकेक करून मोजल्या. असमानता सगळ्यांतच निघाली, वंशाशी तिचा संबंध नाही. तसंच प्रबंधात लिहिलं, फिशरच्या हाताखाली राहून! १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, हाच फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. वंशवाद्याला त्याच्याच मोजपट्टीने खोटं पाडावं, यासारखं उत्तर नाही. नुसतं 'वंश ही समाजाची रचना आहे' म्हणून भागत नाही.

प्रतिसाद १: असहमत. बाईंच्या धैर्याला नमस्कारच. पण त्या कवट्या कुणाच्या? त्यांत पूर्व आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीतून नेलेल्या माणसांच्याही होत्या. मेलेल्या माणसाचं डोकं बर्लिनच्या टेबलावर आलं कसं, हा प्रश्न मोजपट्टी विचारतच नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या गोऱ्या मजुराला पगार तुटपुंजा, पण गोरेपणाचा मान ही त्याची वरकमाई. ती कोण सोडेल? आकडे दाखवून कुणी सोडत नाही.

प्रतिसाद २: हे एकतर-ते-किंवा-हे कशाला? बाबासाहेबांनी दोन्ही केलं. जनगणनेचा इंग्रज अधिकारी रिस्ले म्हणायचा, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, एवढंच ते शास्त्र. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे आकडे घेऊन दाखवलं, की या मोजमापावर भरवसा ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. पण जातीचं मूळ त्यांनी नाकात शोधलं नाही. १९१६ मध्येच कोलंबियात त्यांनी ते जातीतल्या जातीत लग्न करण्यात दाखवलं होतं.

प्रतिसाद १: मग मुद्दा माझाच झाला की. नाकाचा हिशेब चुकला म्हणून गावाबाहेरची वस्ती गावात आली नाही.

धागाकर्ती: कवट्या कुठून आल्या, हा विचार मी केला नव्हता. ते लागलं मनाला. तरी मोजणं सोडा, हे पटत नाही. बाई पुढे डेक्कन कॉलेजातही मोजतच राहिल्या आणि त्यातूनच म्हणाल्या, की 'ब्राह्मण' या एका नावाखालच्या जातीही एका रक्ताच्या नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिनने रक्तातली प्रथिनं तपासली. माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकेका समूहाच्या आतच सापडला. हे कुणीतरी मोजलं म्हणून कळलं. वरकमाईचं तुमचं म्हणणं मान्य. पण ती हक्काची आहे असं पोराला शिकवताना बाप 'रक्तच वेगळं' म्हणतो, तेव्हा त्या पोराला दाखवायला माझ्या हातात हा आकडा हवा.