जमिनीतून निघालेलं चांदीचं नाणं: फॉइल-सोडा वापरावा की नाही?

मूळ मुद्दा
मेटल डिटेक्टरने सापडलेलं नाणं सरळ ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवून खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझा त्याला विरोध आहे. आधी खड्ड्याजवळची चूक बघा. मातीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर ७. चांदीचा जेमतेम २.५ ते ३. तिथेच अंगठ्याने पुसलं की नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल ओरखडलाच, कारण सगळ्यात उंच भाग तोच. न पुसता डबीत ठेवा. घरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मऊ झालेली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने उचला आणि तिथेच थांबा. काळा थर राहू द्या.

प्रतिसाद १
पुसण्याबद्दल सहमत, सोड्याबद्दल अजिबात नाही. काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. बाजारातलं डिप, म्हणजे चांदी उजळवायचं तयार द्रावण, तो विरघळवतं, म्हणजे त्यातली चांदीही जाते. फॉइलमुळे गंधक सुटतं, चांदी नाण्यावरच राहते. पाव लिटर गरम पाणी, एक चमचा सोडा, दर मिनिटाला उलटून बघायचं. सडक्या अंड्यांचा वास आला की समजा काम सुरू झालं. काहीच होत नसेल तर बहुधा मधे मातीचं कवच आहे, नाणं फॉइलला टेकलेलंच नाही.

मूळ लेखक
चांदी राहते, पण कशी? सच्छिद्र आणि निस्तेज. थर पातळ असेल तर फरक जाणवत नाही. जाड असेल तर बारीक अक्षरांच्या कडा भुसभुशीत होतात. तो काळा रंग अक्षरांच्या खाचांत बसतो म्हणून तर मजकूर वाचता येतो!

प्रतिसाद २
तुम्ही दोघं सल्फाइडवरच अडलात. खारट जमिनीतल्या नाण्यावर राखाडी, मेणासारखा थर येतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. कडेला सुई हलकेच टेकवली तरी रुतते. पुष्कळदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात, खालच्या धातूत नसतात. अमोनियात बुडवलंत तर थराबरोबर मजकूरही गेला. आणि वापरलेलं अमोनियाचं द्रावण कधीही वाळू देऊ नका, त्यात स्फोटक संयुगं तयार होतात.
पातळ हातठोक (हाताने हातोडा मारून पाडलेली) नाणी तर जमिनीत ठिसूळ झालेली असतात. वाकलेलं नाणं सरळ करायला गेलात तर तुकडे हातात येतील. ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रातही टाकू नका, बारीक भेगा उकलतात.

प्रतिसाद १
क्लोराइडचा मुद्दा मान्य, तिथे फॉइल नको. पण झिजलेलं, यंत्रावर पाडलेलं, भरपूर उपलब्ध असलेलं नाणं असेल तर माझं मत कायम आहे. फक्त नंतर सोडा नीट धुवा, घासू नका, टिपून घ्या. शेवटी ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, खाचांतलं पाणी निघतं. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात मात्र ठेवू नका, हिरवा चिकट थर चढतो.