मदत हवी आहे : घर सोडून गेलेल्या मुलांची माहिती नसताना पिढ्यांमधली गतिशीलता कशी मोजायची?

पिढ्यांमधली गतिशीलता, म्हणजे आईवडिलांच्या शिक्षणाचा मुलांच्या शिक्षणाशी किती घट्ट किंवा सैल संबंध आहे, ते मोजतोय. घोळ सर्वेक्षणाच्या रचनेतच आहे. माहिती फक्त त्या घरात राहणाऱ्यांची, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या मुली आणि नोकरीसाठी बाहेर पडलेले मुलगे नमुन्यात नाहीतच. पंचविशीत घरीच सापडणारी मुलगी आपल्या बहिणींसारखी असेल, असं धरणं मला तरी धाडसाचं वाटतं.

शिक्षणाऐवजी उत्पन्न वापरा, असं कृपया सुचवू नका. वडिलांचं एकाच वर्षाचं उत्पन्न धरलं की वडील आणि मुलाच्या उत्पन्नातला संबंध दाखवणारा गुणांक खाली येतो. अर्थतज्ज्ञ सोलन यांनी १९९२ मध्ये काही वर्षांची सरासरी घेतल्यावर अमेरिकेचा आकडा आधीच्या ०.२ वरून ०.४ किंवा त्याहून वर गेला. माझ्याकडे सर्वेक्षणाची एकच फेरी आहे, दुसरी मिळणार नाही.

वय १६ ते २० एवढंच ठेवून पाहिलं. या वयात बहुतेक जण घरी असतात खरे, पण शिक्षण अर्धवट असतं. म्हणून 'वयाच्या मानाने किती इयत्ता मागे' हे माप घेतलं, पण त्यात उच्च शिक्षणातली दरी दिसतच नाही. हेकमन दुरुस्ती (नमुन्यात कोण येतं याचं वेगळं समीकरण मांडून निवडीचा दोष काढण्याची पद्धत) अडली, कारण घर सोडण्यावर परिणाम करणारा पण शिक्षणाशी संबंध नसलेला चल सापडत नाही.

काही मुलं गळलेल्या अशा तुटक नमुन्यात प्रतिगमन गुणांकापेक्षा (आईवडिलांचं शिक्षण एक वर्षाने वाढलं तर मुलांचं किती वाढतं) सहसंबंध गुणांक (दोन्ही पिढ्यांच्या शिक्षणातला फैलाव हिशेबात घेऊन काढलेला, -१ ते १ मधला आकडा) कमी बिघडतो, असं एमरान, ग्रीन आणि शिल्पी या संशोधकांनी दाखवलंय. विशी-तिशीतल्या मुलींच्या बाबतीत तेवढ्यावर भागेल, की एका आकड्याऐवजी खरा गुणांक ज्यांच्या दरम्यान असेल त्या किमान-कमाल मर्यादा काढून द्याव्यात? आणि मर्यादा काढायच्या तर गैरहजर मुलींबद्दल कोणतं गृहीतक शोधनिबंधाच्या परीक्षकांपुढे टिकेल?